आठ अक्षरांची जागा

दुपारी दोनच्या शांततेत आतल्या खोलीतून खटक् असा आवाज आला. मग थोडं थांबून दुसरा.

मी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून काम करत होते. शेजारच्या गादीवर माझी मुलगी झोपली होती, एक पाय भिंतीवर टाकून. पावणेपाच वर्षांची आहे. घरातल्या सगळ्या पेन्सिलींची टोकं कुरतडते, म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणतो. ती झोपली की मला दीड तास मिळतो. त्या दीड तासात मी कुठल्याही आवाजाला उठत नाही, पण या आवाजाला उठले. बाबांच्या व्हायोलिनच्या पेटीला पितळेच्या दोन कड्या आहेत. त्या मी तीन वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

माझे वडील चाळीस वर्षं एकाच गायकाच्या साथीला व्हायोलिन वाजवत होते. त्या गायकाला सगळे बुवा म्हणत. बुवा गेले त्या संध्याकाळी बाबांनी पेटी बंद करून कपाटावर टाकली. आई आधीच गेलेली. नंतर डोळे अधू झाले तसे ते माझ्याकडे राहायला आले. येताना पेटी आणली, उघडली मात्र नाही.

मी दारात जाऊन उभी राहिले. ते पलंगावर बसून गजाला राळ घासत होते. मांडीवर एक मोठा कागद होता. वरच्या बाजूला खारूताईने काढलेला हत्ती दिसत होता, सहा पायांचा.

"मला आधी सांगायचंस," ते म्हणाले. "न्हाव्याला बोलावलं असतं. असा चेहरा घेऊन छापून यायचं का?"

"काय छापून यायचं?"

त्यांनी कागद उलटा केला. मागे माझं पान होतं.

मी एका संगीत मासिकाची पानं लावते. लावायचे. खारूताई झाल्यावर बाकीची पानं इतरांकडे गेली आणि माझ्याकडे एकच उरलं, अनुक्रमणिकेचं. आमच्याकडे हे पान सगळ्यांत आधी रचतात, लेख यायच्याही आधी. जो लेख ठरलेला नाही त्याच्या जागी खोटं शीर्षक आणि ज्याच्यावर लेख त्याचं खोटं नाव घालायचं, म्हणजे पान भरलेलं कसं दिसेल ते कळतं. त्या खोट्या ओळीला ऑफिसात 'पाहुणा' म्हणतात. लेख आला की पाहुणा उठवायचा. आणि पाहुण्याला कधीही खऱ्या माणसाचं नाव द्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

बेचाळिसाव्या पानाची जागा रिकामी होती. नावासाठी आठ अक्षरं बसत होती, ना सात ना नऊ. बाबांचं नाव आणि आडनाव मिळून आठ अक्षरं होतात. मी ते टाकलं. वर शीर्षक दिलं : 'चाळीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर'.

ते कौतुकाने दिलेलं नव्हतं, हे इथे लिहूनच टाकते. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी शिकवणीच्या सगळ्या मुलांसमोर माझ्या हातातून व्हायोलिन काढून घेतलं होतं. "हिला सूर ऐकू येत नाही," ते म्हणाले होते. "हिला रेघा मारू दे." पुढे मी खरंच रेघा मारायच्या नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पाहुण्यांसमोर तोच विनोद केला, आणि जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हाही. त्या दिवशी पान रचताना वाटलं, आता एक रेघ तुमच्यावर.

पान मी नेहमी दुप्पट आकारात छापून बघते, अक्षरांमधल्या फटी दिसाव्यात म्हणून. बघून झालं की कोऱ्या बाजूला खारूताई चित्रं काढते. हत्ती तिने आबांना, म्हणजे बाबांना, भेट दिला होता. दुप्पट अक्षरं बाबांना खिडकीच्या उजेडात वाचता आली.

"शीर्षक कोणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"खरं आहे." त्यांनी गज उजेडात धरून पाहिला. "दुसरी खुर्ची. कोणी म्हणतच नाही ना असं. सगळे म्हणतात, मागे कोणीतरी वाजवत होतं." मग माझ्याकडे न बघता, "तुला रेघांतलं कळतं हो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, बाबा, ते खोटं आहे. पण सदतीस वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं बरं वाक्य होतं. मी ते घेतलं आणि टेबलावर परत गेले.

चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. न्हावीदादाला कळलं, तारा बदलून देणाऱ्या दुकानदाराला कळलं. बुवांच्या घरी फोन गेला. बुवांची सून म्हणाली, "अरे वा, आमच्या मामंजींबद्दल आहे का लेख?" बाबा म्हणाले, "नाही. माझ्याबद्दल." फोन ठेवून ते कोट शोधायला उठले.

त्यांनी तो मोठा कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. खारूताईला अक्षरओळख झालेली होती. ती रोज सकाळी त्यांच्या नावावरून बोट फिरवायची, एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची आणि शेवटी विचारायची, "हे सगळे मिळून आबा?"

"सगळे मिळून आबा," ते म्हणायचे.

पाचव्या दिवशी मी ऑफिसला गेले. आमच्या संपादिकेला सगळे नुसतं बाई म्हणतात. त्या शेंगदाणे खात प्रुफं वाचत होत्या.

"काय रडगाणं आणलंस?"

"बेचाळिसाव्या पानावरचा पाहुणा," मी म्हटलं. "तो खरा करता येईल का?"

"कोण आहे?"

"माझे वडील."

बाईंनी चष्मा खाली ओढला. "खरं नाव घालायचं नाही हे माहीत नव्हतं तुला?"

"होतं. आठ अक्षरं हवी होती."

"आठ अक्षरांची बाकीची माणसं मेली होती का?"

त्यांनी पान समोर ओढलं आणि शेंगदाण्याची सालं फुंकून बाजूला केली.

"शीर्षक झकास आहे. तुझंच?"

"हो."

"वडिलांवर राग दिसतो. राग असला की शीर्षक चांगलं येतं. माया असली की नुसतं 'सुरेल प्रवास' वगैरे." पेन्सिलीने त्यांनी शीर्षकाखाली रेघ मारली. "ठीक आहे, जागा दिली. विंचवाला पाठवते."

विंचू हे आमच्या सदरलेखकाचं टोपणनाव. त्याचं खरं नाव वाचकांना माहीत नाही, नांगी माहीत आहे. त्याचं सदर उघडून लोक आधी बघतात, या महिन्यात कोण मेलं.

"दुसरं कोणी?" मी विचारलं.

"दुसरं कोणी दुसऱ्या खुर्चीवर लिहायला तयार होईल का? विचार बाहेर जाऊन."

मला तेव्हाच कळलं होतं. नाही कळलं असं म्हणणार नाही. पण घरी कपाटाच्या दाराला कागद चिकटवलेला होता. मनाशी म्हटलं, म्हातारा माणूस समोर बसला की विंचूसुद्धा जरा मऊ पडेल.

तो आला तर खरोखरच मऊ होता. बूट बाहेर काढून आला, खाली वाकून बाबांच्या पाया पडला. खारूताईला स्वतःचं पेन दिलं आणि "कुरतड, चालेल," म्हणाला. ती त्याच्यावर लगेच भाळली. बाबांनी कोट घातला होता. तीन तास तो ऐकत होता, एकदाही घड्याळाकडे न बघता. मी चहा देताना त्याच्या वहीत डोकावले, अक्षर सुंदर होतं.

बाबांनी त्याला ती गोष्ट सांगितली, जी घरातही फक्त आईला माहीत होती. एका मोठ्या मैफलीत वरच्या सुरावर बुवांचा आवाज अडकला. फुटलाच नाही. भरलेलं सभागृह, आणि बुवा तोंड उघडून बसलेले. बाबांनी तो सूर व्हायोलिनवर उचलला आणि नुसता धरून ठेवला, गज पालटताना कळणारही नाही असा. बुवांचा श्वास परत येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं, काय ते बुवांचं मौन. पुढे बुवा प्रत्येक मैफलीत तिथे थांबू लागले.

"म्हणजे ते गाजलेलं मौन तुमचं होतं?" विंचवाने हळूच विचारलं.

"माझं कसं? त्यांचंच," बाबा म्हणाले. "मी फक्त ते पडू दिलं नाही."

"बुवा कधी बोलले यावर?"

"नाही." बाबा हसले. "त्या रात्री गाडीत त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. तेवढंच."

मग त्यांनी वाजवून दाखवलं. बोटं ताठरली होती, गज दोनदा घसरला. तरी तो एक लांब सूर त्यांनी धरला. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. मला सूर ऐकू येत नाही म्हणतात, तो मला ऐकू आला. खारूताईने टाळ्या वाजवल्या, विंचवानेही वाजवल्या. जाताना तो दारात मला म्हणाला, "भाग्यवान आहात."

आठवड्याने, सकाळी दहाला लेख आला. आतल्या खोलीत बाबा सराव करत होते. आता रोज करत होते. मी टेबलावर वाचलं :

'दुसऱ्या खुर्चीचं दुखणं असं की पहिली रिकामी झाली तरी हिच्यावरून उठवत नाही. आमच्या एका म्हातारबुवांनी तर कमालच केली. गायकाच्या गाण्याचं श्रेय मागणारे पुष्कळ पाहिले, हे त्याच्या गप्प बसण्याचंही श्रेय मागतात. मौन म्हणे त्यांनी वाजवलं. उद्या टाळ्यांवरही हक्क सांगतील. पुरावा म्हणून त्यांनी पेटी उघडली. तीन वर्षं कोंडलेल्या वस्तूला जो वास येतो तो आला, सूर मागाहून येईल असं वाटून मी बसून राहिलो. नातीने टाळ्या वाजवल्या. तिचं वय बघता क्षमा करू.'

वर माझं शीर्षक होतं. लेखभर बाबांचं नाव कुठेही नव्हतं.

मी बाईंना फोन केला.

"हे छापू नका."

"मग काय, कोरं पान देऊ?" त्यांच्या तोंडात काहीतरी होतं, चावणं चालू होतं. "शीर्षक तू दिलंस. पाहुणा तू बसवलास. लेख मागायला तू आलीस. मी फक्त हो म्हटलं."

"त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी म्हटलं होतं, मौन बुवांचंच."

"असेल. पण ते वाचायला मजा नाही."

"सगळे ओळखतील त्यांना. त्यांनी सगळ्यांना सांगितलंय."

"ज्यांना सांगितलंय ते ओळखतील, बाकीचे नुसते हसतील. आपल्याला बाकीचे पुष्कळ आहेत." मग आवाज थोडा खाली आला, जवळजवळ प्रेमळ झाला. "हे बघ, विंचवाने लेखात नाव घातलेलं नाही, ती त्याची सभ्यता. आता नाव आहे ते फक्त तुझ्या पानावर. ठेवलंस तर हे ध्यान कोण ते गावभर कळेल. उठवलंस तर तुझे वडील भिंग घेऊन स्वतःला शोधत बसतील. तू ठरव. पान तुझं आहे, मी त्यात बोलणार नाही. पाच वाजेपर्यंत पाठव."

दुपारी खारूताई झोपली नाही. मी पान उघडून बसले होते. साडेचारला बाबा दारात आले.

"अंक आला की न्हावीदादाला बोलावू," ते म्हणाले. "तो म्हणाला, दाढी करतो आणि ऐकूनच जातो. वाचायचं तू. तुझा आवाज बरा आहे वाचायला."

"बरं," मी म्हटलं.

"पान झालं का?"

"होतंय."

ते परत आत गेले. खारूताई माझ्या मांडीवर चढली. तिच्या केसांना बिस्किटाचा वास येत होता. पुसायचं बटण दाबायला तिला फार आवडतं, आणि त्या महिन्यात ती वीसपर्यंत मोजायला शिकली होती.

"मी दाबू?"

मी नावाच्या शेवटी कर्सर नेऊन ठेवला. आठ अक्षरं, पण काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या पुसल्या जातात, म्हणून सतरा वेळा दाबावं लागतं. ते मी स्वतः करू शकत होते, माझ्या हाताला काही झालं नव्हतं. मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि म्हटलं, "मोज."

"एक. दोन. तीन." ती बटणाकडे बघत होती, पडद्याकडे नाही. चौदानंतर ती अडली, मी पंधरा सांगितलं. "सोळा. सतरा. अजून?"

"पुरे."

"संपलं?"

"संपलं." मी तिच्या डोक्याचा मुका घेतला.

मग मी रिकामी जागा बंद केली. आठ अक्षरांची फट नुसती सोडली तर पानाला भोक पडल्यासारखं दिसतं. मी शीर्षक थोडं मोठं केलं, खालची ओळ वर घेतली, 'विंचू' ही दोन अक्षरं उजवीकडे समासाला लावली, सगळ्या पानांचे आकडे एका रेघेत आणले. पाचला पाच मिनिटं कमी असताना पान गेलं. साडेपाचला बाईंचा निरोप आला : 'तुझं आजवरचं सगळ्यांत स्वच्छ पान.' मी तो दोनदा वाचला. मला बरं वाटलं. हेही इथे लिहूनच टाकते.

घरी छापलेला कागद मी कपाटाच्या दारावरून काढला नाही. काढला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

अंक दहा दिवसांनी, सकाळी आला. लेख कसा वाचायचा ते मी ठरवून ठेवलं होतं. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. मी कागदाकडे बघत दुसरंच बोलणार होते, गाडीतल्या पुढच्या सीटपर्यंत सगळं, तीन दिवस मनातल्या मनात पाठ केलेलं. न्हावीदादाही वाचणाऱ्यातला नव्हता. हे जमेल असं मला वाटलं होतं.

बाबा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, कोट घालून, गळ्यात न्हावीदादाचा टॉवेल. दाढी झाली होती, कानाजवळ फेसाचा एक ठिपका राहिला होता. व्हायोलिन मांडीवर, गज हातात. लेख वाचून झाला की तो सूर न्हावीदादाला ऐकवायचा होता.

"आधी नाव," बाबा म्हणाले. "मग लेख. नाव खारूताई शोधेल. तिला माझी सगळी अक्षरं येतात."

"मीच वाचते ना सगळं," मी म्हटलं.

"तू थांब गं. पोरीचा मान आहे."

खारूताई अंक जमिनीवर पसरून पालथी झाली. अनुक्रमणिकेचं पान तिने स्वतः उघडलं, ते तिला माझं म्हणून ठाऊक होतं. बोट वरच्या ओळीपासून खाली येऊ लागलं. बेचाळीसपाशी थांबलं. शीर्षकाचा आकार तिला ओळखू आला असावा. कपाटाच्या दारावर ते रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं.

"आबा, इथे विंचू आहे."

न्हावीदादा हसला. बाबाही हसले. "ते लिहिणाऱ्याचं नाव. माझं त्याच्या खाली असेल."

"खाली आकडा आहे."

"मग बाजूला."

तिने बाजूला पाहिलं. मग उठून कपाटाशी गेली, दारावरच्या कागदावर बोट ठेवून पहिलं अक्षर पाहून आली, परत पालथी झाली आणि अगदी वरपासून सुरुवात केली. न्हावीदादा वस्तऱ्याला फडकं लावता लावता थांबला.

"दुसऱ्या पानावर असेल," तो म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले. "याच पानावर. हिच्या कागदावर मी स्वतः वाचलंय." आणि ते माझ्याकडे वळले, माझा चेहरा जिथे असेल असं त्यांना वाटलं तिथे.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं माझ्याजवळ होतं, त्यातला एकही शब्द या जागेसाठी नव्हता.

खारूताई उठून बसली. तिने पानाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्या कॉम्प्युटरकडे. ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली, ज्याने ती सगळं मोजते.

"आई," ती म्हणाली, "आपण त्या दिवशी सतरापर्यंत मोजलं, ते आबा होते?"